गाडीतला माठ

आज बचतीवर बोलायचं नाही आणि कर्जफेडीवरही नाही. आज आम्ही आमच्या गाडीबद्दल बोलणार आहोत. त्यातही गाडीच्या एका अशा भागाबद्दल, जो गेल्या उन्हाळ्यापर्यंत आमच्यातल्या एकीनंही पाहिला नव्हता. मिस्त्री लोक त्याला कूलिंग कॉइल म्हणतात. कंपनीच्या पुस्तकात त्याचं नाव इव्हॅपोरेटर. एसीचा गारवा जिथं तयार होतो तो हा भाग.

एसी म्हटल्यावर काही जणी हसल्या असतील. बचत गटाच्या बाया आणि एसीची गाडी! आमच्या गटातही हसूनच सुरुवात झाली होती.

आमचं गाव लातूरहून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यालगत, अहमदपूर सोडलं की आत फुटलेल्या वाटेवर. गटात आम्ही अकरा जणी. मिरची आणि हळद कांडून देतो. शेवया, पापड, कुरडया करतो. माल कधी लातूरला गंजगोलाईत जातो, कधी लोह्यावरून नांदेडला. आधी टेम्पो भाड्यानं घ्यायचो, तर निम्मा नफा भाड्यातच जायचा. केंद्र सरकारची २०१७ पासूनची आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना ऐकून होतो, त्यात गटाच्या बायका गाडी चालवतात. आमची गाडी त्या योजनेतली नाही. पण बायका गाडी चालवू शकतात ही हिंमत तिथून आली. चार वर्षांपूर्वी आम्ही जुनी डबल केबिनची पिकअप घेतली. पुढं दोघी, मागच्या सीटवर तिघी, हौद्यात माल. घेतली तेव्हाच ती नऊ वर्षांची होती. चालवते आमच्याच गटातली एक ताई. रीतसर शिकली, परवाना काढला, आणि आज आमच्यात सगळ्यात शांत डोक्यानं रस्त्यावर वागणारी तीच आहे.

गाडीला एसी होता. तो आम्ही मागितला नव्हता, गाडीबरोबर आला होता. पहिली दोन वर्षं चालला. तिसऱ्या उन्हाळ्यात गार वारा येईना.

दुकानात नेली. "गॅस संपलाय," म्हणाले. १,८०० रुपये घेतले, गॅस भरला. गारवा आला. पंचवीस दिवस टिकला. पुन्हा नेली, पुन्हा १,८०० रुपये. या वेळी बारा दिवस. तिसऱ्यांदा भरला तो चौथ्या दिवशी गेला. म्हणजे ५,४०० रुपये हवेत. आमच्या हिशोबाच्या वहीत तिन्ही नोंदी एकाखाली एक आहेत: "एसी गॅस, एसी गॅस, एसी गॅस." सभासदाचा एक हप्ता चुकला तर आम्ही तिच्या दारात जाऊन बसतो. या नोंदींबद्दल मात्र तीन महिने कुणी तोंड उघडलं नाही. मशीनचं काम, आपल्याला काय कळतंय, असं म्हणून गप्प राहिलो. आमची पहिली चूक तीच.

मग बैठकीत विषय निघाला. बहुतेकींचं म्हणणं पडलं की एसी बंदच ठेवा. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या अक्का म्हणाल्या, "आमचा जल्म उन्हात गेला. खुरपताना कुणी एसी लावला व्हता का आमाला?" सगळ्या हसल्या. ठराव झाला, खिडक्या उघड्या ठेवून जायचं.

पंधरा दिवसांनी, मे महिन्यात, भर दुपारी नांदेडहून परत येताना लोह्याच्या जवळपास आमच्या चालक ताईला गरगरायला लागलं. पारा ४३ च्या पुढं होता. तिनं गाडी कशीबशी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागं आमच्यातल्या तिघी होत्या. घाम येईना, अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं अडखळत होतं. शेजारी रसवंती होती. तिथल्या भाऊंनी सावलीत खाट टाकली, बर्फाचं पाणी दिलं. आम्ही तिच्या अंगावर ओले टॉवेल घातले, पदरानं वारा घातला आणि दुसऱ्या गाडीनं दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी ती घरी आली. वाचली म्हणायचं. पण गाडी चालू असताना तिची शुद्ध गेली असती तर? गाडीत चौघी होत्या, समोरून उसाच्या आणि सिमेंटच्या गाड्या येत होत्या. तो विचार आजही नको वाटतो.

पुढच्या बैठकीत अक्काच आधी बोलल्या, "चुकलंच माजं." ताई म्हणाली, "अक्का, खुरपताना ऊन लागलं तर बांधावरच्या लिंबाखाली बसता येतं. गाडीत लिंब कुठंय? पायाखाली इंजिन, समोर काच, वर पत्रा." खिडकी उघडली तर वारा लागतो हे खरं. पण पारा चाळिशीच्या वर गेला की तो वारा अंग गार करत नाही, उलट तापवतो. चुलीचं तोंड उघडून पुढं बसल्यासारखं होतं.

सरकारलाही हे पटलेलं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांपेक्षा जड मालट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा केला आहे. चालक दमला, डोळ्यांवर झापड आली की अपघात होतो, हे त्यामागचं कारण. आमच्यासारख्या छोट्या आणि जुन्या गाडीला तो नियम लागू नाही. पण ऊन तर तेच आहे. त्या दिवशी ठराव बदलला आणि एसी चैनीच्या खात्यातून काढून ब्रेक-टायरच्या खात्यात टाकला.

या वेळी गाडी दुसऱ्या माणसाकडे नेली. नांदेडमध्ये एसीचंच काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी वहीतल्या तिन्ही नोंदी बघितल्या आणि म्हणाले, "ताई, गॅस मैं भर देता, पैसे बी ले लेता, पर वो रुकने का नै." आणि गॅस भरायला चक्क नकार दिला. आधी गळती शोधू, म्हणाले.

मैत्रिणींनो, गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडासा कमी होतो, पण पंचवीस दिवसांत संपला म्हणजे कुठंतरी गळतोय. आम्ही गळक्या रांजणात पाणी ओतत होतो आणि ओतणाऱ्याला मजुरी देत होतो.

गारवा कसा होतो ते चाचांनी ज्या पद्धतीनं सांगितलं, ते आम्हाला चटकन कळलं. माठ घ्या. माठातलं पाणी झिरपून बाहेर येतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून माठातलं पाणी गार. कूलिंग कॉइल हा गाडीतला माठ. फरक एवढाच की इथं झिरपतं ते पाणी नसतं, आर-१३४ए नावाचा गॅस असतो. तो इतका थंड स्वभावाचा, की उघड्यावर ठेवला तर उणे २६ अंशांनाच उकळतो. कंप्रेसर त्याला दाबतो, तो तापतो. रेडिएटरच्या पुढं असलेल्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून त्याचा द्रव होतो. तो द्रव एका बारीक छिद्राच्या वॉल्व्हमधून कॉइलमध्ये शिरतो. शिरला की दाब एकदम कमी, लगेच उकळतो आणि भोवतालची उष्णता ओढून घेतो. ब्लोअरचा पंखा त्या गार कॉइलमधून हवा ढकलतो, तीच आपल्या तोंडावर येते. माठाला बाहेरून ओल सुटते तशी कॉइललाही सुटते, हवेतली वाफ तिच्यावर थेंब होऊन बसते. ते पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली टपकतं. एसी लावलेल्या गाडीखाली पाणी दिसलं तर घाबरायचं नाही. नाही दिसलं तर मात्र बघायला हवं.

आमच्या गाडीखाली कितीतरी दिवस पाणी दिसलं नव्हतं. उलट चालकाशेजारच्या सीटखालची चटई ओली असायची आणि आंबूस वास यायचा. आम्ही समजत होतो पाण्याची बाटली सांडते. एकमेकींवर चिडायचोसुद्धा.

चाचांनी नळ्यांमध्ये नायट्रोजन भरला, घड्याळासारखं मीटर लावलं आणि बाहेरच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. सायकलवाला पंक्चर काढतो तसंच. बाहेर एकही बुडबुडा नाही. तरी तासाभरात मीटरचा काटा खाली. म्हणजे गळती आत, डॅशबोर्डच्या मागं. त्यांनी समोरचा खण काढला, बॅटरीनं उजेड पाडला आणि आम्हाला वाकून बघायला लावलं. कॉइलच्या खालच्या कोपऱ्यावर तेलकट, काळा चिखल चिकटलेला. गॅसबरोबर तेलही फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस सुटतो तिथं तेलाचा डाग दिसतो.

आता दुरुस्ती कशी झाली ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या गटाकडे, घरी, भावाकडे जुनी गाडी असेल. हे काम स्वतः करायचं नाही. पण करणाऱ्यानं काय केलं आणि काय टाळलं हे शेजारी उभं राहून कळायला हवं.

आधी बॅटरीची वायर काढली. मग इंजिनच्या बाजूला, जिथं दोन नळ्या केबिनमध्ये शिरतात, तिथले जोड उघडले. दोन पाने लावून: एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. नळ्या ॲल्युमिनियमच्या असतात, एकाच पान्यानं जोर केला की पिळवटतात. उघडलेल्या तोंडांना लगेच बुच लावले. हवेतली ओल आत गेली की तिथलं तेल ती शोषून घेतं. आमच्या गाडीत गॅस उरलाच नव्हता. पण गॅस असेल तर तो मशीननं सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा असतो, फुस्स करून सोडून द्यायचा नसतो. तो अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. शिवाय हवेला त्रास तो वेगळाच. आधीचा आर-१२ गॅस ओझोनच्या थराला भोकं पाडायचा, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. हा नवा ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरदार. आम्ही तीन वेळा भरलेला सगळा गॅस तिथंच गेला. उन्हाळ्याला कंटाळून आम्ही उन्हाळ्यालाच खाऊ घातलं म्हणायचं.

मग समोरचा खण, ब्लोअर, आणि कॉइलची प्लॅस्टिकची पेटी. आमच्या गाडीत पेटी खणाच्या जागेतून निघाली. काही गाड्यांना सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मग मजुरी दुप्पट होते. म्हणून आधीच विचारायचं, "डॅशबोर्ड काढावा लागंल का?" आमच्या सचिव ताईनं प्रत्येक वायरीचा, प्रत्येक क्लिपचा मोबाइलवर फोटो काढला. चाचा हसले, पण शेवटी एक प्लग कुठला ते त्या फोटोवरूनच कळलं.

पेटी उघडली आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. आत लिंबाचा पाला. कुजून काळा झालेला, गाळ होऊन बसलेला. त्यात लाल-पिवळी भुकटी. आमचीच मिरची, आमचीच हळद.

गाडी सावलीत राहावी म्हणून आम्ही ती रोज शाळेजवळच्या मोठ्या लिंबाखाली लावायचो. पुढच्या काचेखालच्या जाळीतून पाला आत जायचा, कॉइलवर पडायचा, तिथल्या पाण्यात कुजायचा. त्यानं रबरी नळी बुजली, म्हणून पाणी खाली न जाता चटईवर आलं. आणि पाऊस असला की आम्ही कांडपाच्या गोण्या मागच्या सीटवर घ्यायचो, माल भिजू नये म्हणून. ती भुकटी पंख्यानं ओढून घेतली. नव्या गाड्यांत हवा गाळणारा फिल्टर असतो, आमच्या जुन्या गाडीत तो नव्हता. ओला गाळ वर्षानुवर्षं चिकटून राहिला की ॲल्युमिनियम खातो, सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. चाचांनी जुन्या कॉइलची तोंडं बंद केली, नायट्रोजन भरला आणि ती पाण्याच्या टबात बुडवली. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ निघाली. अक्का म्हणाल्या, "बगा, पैसे असे चाललेत."

एका भोकाला डाग देऊन भागणार नाही का, असं आम्ही विचारलं. ते म्हणाले, एक बुजवलं तर शेजारचं उघडेल, पत्रा सगळीकडूनच खाल्लाय. भंगारातली कॉइल स्वस्तात मिळत होती, तीही त्यांनी नको म्हटलं. ती कशामुळे भंगारात आली कुणाला माहीत.

नवी कॉइल आली. तिच्याबरोबर नवा एक्स्पान्शन वॉल्व्ह, सगळ्या जोडांचे नवे रबरी ओ-रिंग, आणि नवा ड्रायर. या ड्रायरवर आमचं भांडण झालं. ड्रायर म्हणजे आतली ओल टिपून घेणारी डबी. जुना चांगला दिसतोय, ८५० रुपये कशाला, असं आमच्या कोषाध्यक्ष ताईचं म्हणणं. चाचा म्हणाले, मग काम दुसऱ्याकडं न्या. डबीतले दाणे एकदा ओल पिऊन भरले की पुढं काही टिपत नाहीत, आणि आत राहिलेल्या ओलीचा वॉल्व्हच्या छिद्रात बर्फ होतो. आम्ही नमलो. आता वाटतं, ज्यानं गॅस भरायला नकार देऊन आमचे पैसे वाचवले, त्याच्यावर ८५० रुपयांसाठी संशय घेतला.

ओ-रिंगला तेल लावून बसवले. कॉइलमध्ये गाडीच्या पुस्तकात दिलंय तेवढंच तेल, मोजून घातलं. गारवा मोजणारी बारीक वायर जुन्या कॉइलमध्ये जिथं खोचलेली होती तिथंच नव्या कॉइलमध्ये खोचली. ती चुकीच्या जागी बसली तर कॉइलवर बर्फ धरतो. पेटी साबणानं धुतली, वाळवली. रबरी नळीत पाणी ओतून ते खाली येतंय हे आम्हाला दाखवलं.

मग व्हॅक्यूम पंप. तो पाऊण तास चालला. आतली हवा आणि ओल ओढून घेतो तो. पंप बंद करून अर्धा तास काट्याकडं बघत बसलो. काटा जागचा हलला नाही. गंमत वाटेल, पण अकरा जणींपैकी सहा जणी त्या दिवशी नांदेडमध्ये एका काट्याकडं बघत उभ्या होत्या. ही पायरी घाईत गाळली जाते. तुमच्या गाडीचं काम असेल तर ही पायरी डोळ्यानं बघा. शेवटी गॅस, तोही वजनकाट्यावर ठेवून, पुस्तकात लिहिलाय तेवढाच. जास्त भरला की जास्त गार, असं नसतं. जास्त झाला तर गारवा कमी होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. स्वस्त म्हणून कुणी स्वयंपाकाचा गॅस भरून देतो म्हटलं तर तिथून गाडी घेऊन निघा. तो गार करतो हे खरं, पण केबिनमध्ये गळला तर एक ठिणगी पुरे.

दुपारी दोन वाजता एसीच्या तोंडाशी थर्मामीटर धरला. बाहेर ४२, तिथं ११.

खर्च सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. दर गावागणिक आणि गाडीगणिक बदलतात. कॉइल ४,२००, वॉल्व्ह ९५०, ड्रायर ८५०, ओ-रिंग आणि तेल ३५०, गॅस १,६००, मजुरी ३,०००. एकूण १०,९५०. पहिल्याच वेळी गळती शोधायला सांगितली असती तर आधीचे ५,४०० वाचले असते, म्हणजे निम्मा खर्च तिथंच निघाला असता. पैसे गटाच्या निधीतून घेतले. त्यासाठी दोघींचं शेळीचं कर्ज एक महिना पुढं गेलं. त्या दोघी नाराज होत्या आणि त्यांची नाराजी बरोबर होती, हेही इथं सांगायला हवं. आता दर फेरीमागं पन्नास रुपये गाडीच्या डबीत बाजूला टाकतो.

गाडी आता लिंबाखाली लावत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीची सावली दुपारनंतर पडते, तिथं लावतो. काचेखालच्या जाळीवर बारीक जाळी बसवली, दर रविवारी पाला झाडतो. गोण्या सीटवर घ्यायच्या नाहीत असा ठराव लिहिला, आणि हौद्यासाठी ताडपत्री घेतली. उतरायच्या चार-पाच मिनिटं आधी ताई एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवते, म्हणजे कॉइल वाळते आणि वास धरत नाही. जुनी कॉइल आम्ही फेकली नाही. ती गटाच्या कपाटात वहीशेजारी आहे. दुसऱ्या गावचे गट आले की अक्का ती काढून दाखवतात आणि सुईएवढं भोक शोधायला लावतात. अजून एकीलाही ते सापडलेलं नाही.